बसायची जागा आधी, नळ नंतर

मागच्या लेखात नळाच्या तोंडाशी जमणारा पांढरा थर म्हणजे नेमकं काय, ते सांगितलं होतं. त्यावर सगळ्यांत जास्त आलेला प्रश्न होता, "या अभ्यासाचा उपयोग काय?" माझी पीएचडी कठीण पाण्यातल्या क्षारांवर आहे, त्यामुळे हा प्रश्न मला घरीही विचारतात. या वेळी उत्तर म्हणून एका खोलीची समीक्षा करतो, लोक पुस्तकाची करतात तशी. खोली परभणीतल्या एका खासगी पोहण्याच्या तलावावरची आहे. नाव लिहीत नाही, कारण तलाव एक असला तरी चुका बहुतेक ठिकाणी याच आहेत.

सुरुवात काकांपासून करावी लागेल. माझ्या काकांचा उजवा हात कोपराच्या वरून नाही. सोयाबीनच्या मळणी यंत्रात गेला, मी शाळेत होतो तेव्हा. शेती त्यांनी सोडली नाही. आता वय अठ्ठावन्न, आणि तक्रार हाताची नाही, गुडघ्यांची आहे. डॉक्टरांनी सांगितलं, पाण्यात चाला, जमलं तर पोहा, गुडघ्यावर भार येणार नाही. काका लहानपणी गोदावरीत पोहलेले. मी उत्साहाने त्यांना तलावावर घेऊन गेलो.

दारातच पाटी होती : आंघोळ करूनच पाण्यात उतरावे.

पाटी बरोबर आहे, आणि का बरोबर आहे ते रसायनशास्त्रच सांगतं. तलावाच्या पाण्यात जंतू मारायला क्लोरीन टाकतात. आपल्या अंगावरच्या घामात अमोनिया, युरिया अशी नायट्रोजनची संयुगं असतात. क्लोरीन त्यांच्याशी जुळला की क्लोरामाइन तयार होतात. तलावावर ज्याला आपण 'क्लोरीनचा वास' म्हणतो आणि ज्याने डोळे चुरचुरतात, तो बराचसा या क्लोरामाइनचा असतो. शिवाय घामावर खर्च झालेला क्लोरीन जंतूंसाठी उरत नाही. म्हणजे आधी आंघोळ करणं हा शिष्टाचार नाही, तो पाणी शुद्ध ठेवण्याचाच भाग आहे.

पण मग हेही मान्य करावं लागतं की तलावाचं खरं दार ते लोखंडी फाटक नव्हे. खरं दार न्हाणीघर आहे. ज्याला तिथे आंघोळ करता येत नाही, त्याला नियमानेच पाण्यात उतरता येत नाही.

काकांना तिथे आंघोळ करता आली नाही.

शॉवरला गार-गरम असे दोन गोल नळ होते, पितळी चाकासारखे, चार-पाच वेळा फिरवायचे. एका हाताने एक नळ फिरवला की पाणी पोळतं, दुसरा फिरवेपर्यंत बाजूला सरकायला जागा नाही. साबण ठेवायला कोनाडा नाही. साबण हातात धरला तर नळ कशाने फिरवायचा? बसायला काही नाही. फरशी गुळगुळीत, चकचकीत. कपडे ठेवायच्या लॉकरला कडी-कोयंडा आणि कुलूप : एका हाताने कडी धरायची आणि दुसऱ्याने कुलूप अडकवायचं. काका पाच मिनिटांनी बाहेर आले आणि म्हणाले, "राहू दे. घरीच बरंय." घरी ते रोज स्वतःची आंघोळ स्वतः करतात, कोणाची मदत लागत नाही. ते वाक्य मला फार लागलं, कारण चूक काकांच्या हातात नव्हती, त्या खोलीत होती.

मी मालकांशी बोललो. माणूस वाईट नाही. त्यांनी मनावर घेतलं आणि काही महिन्यांनी मला स्वतः फोन केला : "या, दिव्यांग स्नानगृह तयार झालंय." या लेखात समीक्षा करायची आहे ती या नव्या खोलीची.

खोलीत काय आहे

दारावर निळी पाटी, तिच्यावर चाकाच्या खुर्चीचं चित्र. आत पांढऱ्या टाइल्स. एका भिंतीला घडी होणारं आसन. समोरच्या भिंतीला स्टीलचे दोन दांडे, ज्यांना दुकानदार ग्रॅब बार म्हणतात. तिसऱ्या भिंतीवर तापमान आपोआप सांभाळणारा, म्हणजे थर्मोस्टॅटचा, शॉवर मिक्सर. बेसिनला सेन्सरचा नळ. खर्च चांगलाच झालेला दिसत होता. कॅटलॉगमध्ये 'दिव्यांगांसाठी' या पानावर जे जे होतं, ते सगळं आलं होतं.

आणि काकांना तिथेही आंघोळ करता आली नाही.

ते आसनावर बसले. मिक्सर बाजूच्या भिंतीवर, बराच लांब. बसून हात पोचत नाही, उठावं लागतं. उठायला दांडा हवा, तर दांडे समोरच्या भिंतीवर, आसनापासून दोन पावलांवर. पाणी सुरू करून परत येऊन बसेपर्यंत अंग अर्धं भिजलेलं, फरशी ओली आणि गुडघे दुखरे. पडायला याहून चांगली सोय कोणी मुद्दाम केली नसती. शॉवर डोक्यावर ठरलेल्या जागी. हातात घेऊन फिरवता येईल असा हँडशॉवर नाही. काकांनी आजूबाजूला पाहिलं आणि विचारलं, "बादली कुठाय?"

हा प्रश्न मी डोक्यात ठेवून घरी आलो. पुढचं सगळं लिखाण त्याचं उत्तर आहे.

यादी आणि माप

आपल्याकडे फिटिंगची निवड यादी करून होते. आसन : एक. दांडे : दोन. मिक्सर : एक. प्लंबर येतो, जिथे पाइप आहे तिथे मिक्सर बसवतो, जिथे भिंत मोकळी आहे तिथे दांडा ठोकतो. प्रत्येक वस्तू चांगल्या प्रतीची असते, पण त्यांचं एकमेकांशी नातं नसतं. सुलभता असते ती त्या नात्यात. आसनावर बसलेल्या माणसाचा हात नळापर्यंत पोचतो का, हे कुठल्याच वस्तूच्या खोक्यावर लिहिलेलं नसतं.

अमेरिकेच्या २०१० सालच्या सुलभता मानकांत हे नातं आकड्यांत मांडलेलं आहे, म्हणून उदाहरणाला तेच घेतो. बसून आंघोळ करायचा लहान शॉवर आतून ९१५ मि.मी. बाय ९१५ मि.मी. असतो. वाचताना मला आधी वाटलं, इतका लहान? नंतर कळलं, लहान आहे म्हणूनच उपयोगी आहे. एका भिंतीला आसन, समोरच्या भिंतीवर नळ आणि हँडशॉवर, आणि खोली एवढीच की बसल्या जागेवरून समोरच्या नळापर्यंत हात जातो. आसन जमिनीपासून ४३० ते ४८५ मि.मी. उंचीवर. नळ ९६५ ते १२२० मि.मी.च्या दरम्यान. आधाराचे दांडे ८४० ते ९१५ मि.मी. उंचीवर, दांडा आणि भिंत यांत ३८ मि.मी. अंतर, म्हणजे बोटं आत जातील पण सटकला तर अख्खा हात अडकणार नाही. हँडशॉवरची नळी किमान दीड मीटर. उंबरा जवळपास नाहीच. असलाच तर १३ मि.मी.च्या आत. सगळे आकडे शेवटी एकाच प्रश्नाशी येतात : बसलेल्या माणसाला काय करता येईल?

नळासाठी आणखी एक अट आहे आणि माझ्या मते तीच सगळ्यांत महत्त्वाची. नळ एका हाताने चालला पाहिजे, घट्ट पकड, चिमूट किंवा मनगटाची पिळवट न लागता, आणि जोर २२ न्यूटनपेक्षा जास्त लागता कामा नये. २२ न्यूटन म्हणजे साधारण सव्वादोन किलो वजन उचलायला लागतो तेवढा जोर. हे मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. रद्दीवाल्याकडे असतो तसा स्प्रिंगचा काटा नळाच्या दांड्याला अडकवा आणि ओढा. मी जुन्या न्हाणीघरातल्या एका दांड्याच्या नळाला काटा लावला, तर तो सव्वादोनच्या पुढे सरकत गेला आणि नळ जागचा हलला नाही. नळ नवा असताना तसा नसणार. तो तसा का झाला, ते पुढे सांगतो, कारण तो माझ्या अभ्यासाचा विषय आहे.

हे आकडे आपल्यासाठी जसेच्या तसे घ्यावेत असं मात्र मी म्हणणार नाही. ४८५ मि.मी. उंचीच्या आसनावर आपल्याकडच्या बऱ्याच बायकांचे पाय अधांतरी लटकतील, आणि ओल्या आसनावर लटकते पाय म्हणजे घसरण्याची तयारी. उलट चाकाच्या खुर्चीवरून आसनावर सरकणाऱ्याला दोन्ही साधारण एका पातळीवर लागतात, म्हणजे आसन उंचच हवं. दोघांचंही म्हणणं खरं आहे. एकच आसन असेल तर ते उंची बदलता येणारं घ्यावं, किंवा जोडीला पायाखाली ठेवायला रबरी बुडाचा ठोकळा ठेवावा. भारतीयांच्या शरीराची मापं अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९९७ साली देबकुमार चक्रवर्तींच्या पुस्तकातून प्रसिद्ध केलेली आहेत. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेने शेतकरी-मजुरांची मापं आणि त्यांच्या हाता-पायांचा जोरही मोजून ठेवला आहे. अवजारांसाठी ती मापं वापरतात; न्हाणीघरासाठी का वापरू नयेत?

बादली कुठाय?

आता काकांच्या प्रश्नाकडे. परदेशी कॅटलॉगमध्ये शॉवर ही उभ्याने करायची गोष्ट आहे आणि आसन ही खास सोय आहे. आपल्याकडे गोष्ट उलटी आहे. पाटावर किंवा चौरंगावर बसून, समोर बादली घेऊन तांब्याने अंगावर पाणी घेणं ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची पद्धत आहे. बसून आंघोळ करणं इथे दुबळेपणाचं लक्षण नाही. घरात काका परावलंबी नाहीत याचं कारण हेच : ते बसलेले असतात, पाणी आधीच हवं तसं विसावलेलं असतं, एक हात तांब्याला पुरतो. पाठ घासायला त्यांनी भिंतीच्या खुंटीला काथ्याची घासणी बांधली आहे, तिच्यावर पाठ घासतात. सुलभ फिटिंग म्हणतात ती हीच, किंमत वीस-तीस रुपये.

या पद्धतीत उणीव एकच, पण मोठी आहे. ती सगळी जमिनीलगत आहे. पाट चार बोटं उंच, बादली जमिनीवर. दुखऱ्या गुडघ्याच्या माणसाला तिथून उठता येत नाही, आणि चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला तिथे उतरताच येत नाही. उपाय अवघड नाही. हीच न्हाणी गुडघ्याच्या उंचीवर उचलायची. आसन ४५० मि.मी.च्या आसपास, त्याच्या शेजारी, चांगल्या हाताच्या बाजूला, साधारण तेवढ्याच उंचीचा बांधीव ओटा, त्यावर बादली, बादलीच्या तोंडावर लांब दांड्याचा एक नळ, आणि त्याच नळाला जोडलेला हँडशॉवर. ओटा अशा जागी की खुर्ची आसनाला भिडवायची वाट मोकळी राहील. चांगला हात डावा की उजवा, हे माणसागणिक बदलतं. म्हणून दोन खोल्या असतील तर एकमेकींच्या आरशातल्या करा.

असा ओटा मला एकाही कॅटलॉगमध्ये दिसला नाही. तो गवंड्याकडूनच करून घ्यावा लागेल.

आपलं पाणी, आपला दाब, आपलं ऊन

वस्तू निवडताना दुसरी चूक होते ती अशी की त्या ज्या पाण्यासाठी बनल्या आहेत ते पाणी आपल्याकडे नाही.

आधी दाब. परभणीत बहुतेक इमारतींना पाणी गच्चीवरच्या टाकीतून उताराने येतं. पाण्याच्या प्रत्येक मीटर उंचीमागे दाब साधारण ०.१ बार वाढतो. टाकी शॉवरपेक्षा ३ मीटर उंच असेल तर दाब ०.३ बार. थर्मोस्टॅटचे बहुतेक मिक्सर १ बार किंवा जास्त दाब गृहीत धरून बनवलेले असतात. म्हणजे नुसत्या टाकीवर त्यांना तेवढा दाब मिळायला टाकी शॉवरच्या १० मीटर वर हवी. त्या खोलीतला मिक्सर करंगळीएवढी धार सोडत होता, याचं कारण तो खराब होता हे नव्हे. त्याला प्रेशर पंप लागतो, आणि पंपाला वीज लागते. ती नसताना आंघोळ अर्ध्यावर राहिलेल्या माणसाने काय करायचं, हे आधी ठरवून मगच असा मिक्सर घ्यावा.

मग क्षार. नळाला पाणी रोज येत नाही, म्हणून अशा जागा बोअरवर चालतात. आपल्या काळ्या पाषाणातून झिरपलेल्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमची बायकार्बोनेटं विरघळलेली असतात. पाणी तापलं किंवा थेंब वाळला की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेटचा थर बसतो. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक एकूण कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकार्य धरतं आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतं. पण नळाच्या आतल्या चकत्यांना अशी सवलत माहीत नसते. सिरॅमिकच्या चकत्यांमध्ये कण शिरले की नळ जड होतो, म्हणजे २२ न्यूटनचा नळ काही महिन्यांत त्याच्या कितीतरी पुढे जातो. मी काटा लावलेल्या नळाचं हेच झालं होतं. सेन्सरच्या नळात पाणी सोडणाऱ्या पडद्याला एक बारीक भोक असतं, ते बुजलं की नळ एक तर उघडत नाही, नाहीतर बंद होत नाही. थर्मोस्टॅटमध्ये मेणाची एक कुपी पाण्याच्या उष्णतेने फुगते-आकसते आणि गार-गरम पाण्याचं प्रमाण बदलते. तिच्याभोवती थर बसला की ती उशिरा जागी होते.

तो उशीर कोणाला महागात पडतो, ते बघा. ६० अंशांच्या पाण्याने मोठ्या माणसाच्या कातडीला गंभीर भाजायला पाचेक सेकंद पुरतात. मणक्याला इजा झालेल्या माणसाला कमरेखाली स्पर्शच कळत नसेल, तर त्याला भाजतंय हे कळायला डोळ्यांनी पाहावं लागतं. अमेरिकी मानकात शॉवरच्या पाण्याची कमाल मर्यादा ४९ अंश आहे ती यासाठी. आणि आपल्याकडची एक गोष्ट कुठल्याही मानकात नाही : मे महिन्यात गच्चीवरच्या उघड्या पाइपातलं 'गार' पाणीच पोळतं. थर्मोस्टॅट फक्त गार आणि गरम यांची सरमिसळ करू शकतो. गार बाजूच तापलेली असेल तर सगळ्यांत महागडा मिक्सरही हात टेकतो. परभणीत भाजण्यापासून वाचवणारं पहिलं फिटिंग म्हणजे टाकीवर आणि पाइपावर सावली.

शेवटी दांडे. मानक सांगतं की दांड्याने आणि त्याच्या जोडणीने १११२ न्यूटन, म्हणजे सुमारे ११३ किलोचा भार सहन केला पाहिजे. चार इंची भिंतीत प्लॅस्टिकची गिट्टी ठोकून बसवलेला दांडा टॉवेल सांभाळतो, पडणारा माणूस नाही. त्या खोलीतला एक दांडा मी हलवला तर तो हलला. भिंत बांधतानाच तिथे काँक्रीटचा पट्टा घालावा, नाहीतर आरपार बोल्ट टाकून मागे पट्टी द्यावी. दुसरं, स्टील कुठलं? बाजारात '२०२' या ग्रेडचं स्टील स्वस्त मिळतं. त्यात निकेल कमी आणि मँगनीज जास्त असतं, आणि क्लोरीनच्या ओलसर हवेत ते लवकर गंजतं. '३०४' बरं; तलावाच्या जागी '३१६' चांगलं, कारण त्यातलं मॉलिब्डेनम क्लोराइडच्या खड्ड्यांना अटकाव करतं. दुकानदार चुंबक चिकटत नाही म्हणून दाखवतो, पण चुंबक २०२ लाही नीट चिकटत नाही, तेव्हा ती परीक्षा सोडून द्या आणि बिलावर ग्रेड लिहून घ्या.

आणि कृपा करून या फिटिंगवर संडास धुवायचं ॲसिड ओतू नका. ते हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. क्षार जातो, पण स्टीलला खड्डे पडतात आणि क्रोम उडतं. चुकून ब्लीचिंग पावडरशी मिसळलं तर विषारी क्लोरीन वायू निघतो, तोही बंद खोलीत. सायट्रिक आम्ल, म्हणजे लिंबूसत्त्व, कोमट पाण्यात विरघळवून फडक्याने लावा आणि नंतर स्वच्छ पाण्याने धुवा. महिन्यातून एकदा, तारीख लिहून. सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत दुर्लक्षित फिटिंग हीच आहे : देखभालीची वही.

कुलूप

लॉकरकडे तर कोणी बघतच नाही. अमेरिकी मानक निदान ५ टक्के लॉकर सुलभ ठेवायला सांगतं. त्याचा साधा अर्थ : बसलेल्या माणसाच्या हाताला येतील अशा उंचीवर, समोर खुर्ची वळवायला जागा, आणि एका हाताने उघडेल असं कुलूप. कडी-कोयंड्याऐवजी दारातच बसवलेलं, दांडी खाली दाबली की उघडणारं कुलूप घ्यावं, किल्ली मनगटाच्या पट्ट्याला. शेजारी बाक हवा, आणि तो भिंतीला टेकलेला हवा, कारण एका हाताने पँट चढवताना पाठ टेकावी लागते. हे मला काकांनी सांगितलं. मानकात बाकाला पाठीचा आधार हवा असं लिहिलेलं आहेच, पण तो का हवा हे मला मानक वाचून समजलं नव्हतं.

कायदा काय म्हणतो

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याच्या कलम ४६ प्रमाणे सेवा देणाऱ्याने, मग तो सरकारी असो की खासगी, केंद्राच्या सुलभतेच्या नियमांप्रमाणे सेवा द्यायची आहे, आणि त्यासाठी नियम निघाल्यापासून दोन वर्षांची मुदत होती. नियम २०१७ मध्ये निघाले. पण नियम १५ ने ज्या मार्गदर्शक तत्त्वांकडे बोट दाखवलं, त्यांची भाषा बरीचशी शिफारशीची. राजीव रतुडी खटल्यात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने याच विसंगतीवर बोट ठेवलं आणि नियम १५ (१) कायद्याशी विसंगत ठरवला. न्यायालयापुढे हैदराबादच्या नालसार विधी विद्यापीठाच्या दिव्यांग अभ्यास केंद्राचा अहवाल होता. न्यायालयाने केंद्राला सांगितलं की किमान सक्तीचं काय, ते शिफारशींपासून वेगळं काढा, आणि त्यासाठी तीन महिने दिले.

माझी तक्रार त्याच्याही पुढची आहे. उद्या सक्तीची यादी आली तरी ती यादीच असेल. तपासणारा अधिकारी येईल, आसन आहे, दांडे आहेत, मिक्सर आहे, अशा खुणा करेल आणि जाईल. आपल्या तलावावरची ही खोली त्या तपासणीत पास होईल. म्हणून सक्ती वस्तूंची नको, कृतीची हवी : एक माणूस, बसून, एका हाताने, कोणाच्या मदतीविना, पाणी सुरू करून बंद करू शकतो का? हे तपासायला पाच मिनिटं लागतात.

"येतं कोण?"

मालकांनी मला शेवटी विचारलं तो प्रश्न सगळेच विचारतात. "एवढं करायचं, पण येतं कोण?" इतके दिवस खोलीची किल्ली व्यवस्थापकाच्या टेबलात होती. खोलीत फिनाइलचे कॅन आणि झाडू होते. काकांना तिथल्या पोऱ्याने आधी अडवलंच होतं : "ही व्हीलचेअरवाल्यांची आहे." चित्रात खुर्ची होती, काका चालत आले होते. बायकांच्या बाजूला तर अशी खोलीच नाही. बहिणीने आत जाऊन पाहून सांगितलं. मग येणार कोण?

महाराष्ट्रातून कोण आलं, ते मात्र सांगता येईल. इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जखमी झाले. उपचाराचा भाग म्हणून पाण्यात उतरले, आणि १९७२ साली हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये भारताचं पहिलं पॅरालिंपिक सुवर्णपदक त्यांनी आणलं. करमाळ्याच्या सुयश जाधवने लहानपणी विजेच्या धक्क्याने दोन्ही हात गमावले. तो आशियाई पॅरा स्पर्धेत सुवर्ण जिंकला आणि २०२० चा अर्जुन पुरस्कार त्याला मिळाला. दोन्ही हात नसलेल्या पोहणाऱ्यापुढे गोल चाकाचा नळ ठेवून बघा, म्हणजे नळाची निवड किती साधी आणि किती मोठी गोष्ट आहे ते कळेल. पण मला पदकांचा आधार घेऊन युक्तिवाद करायचा नाही. काकांना पदक नको आहे. त्यांना गुडघे दुखू न देता अर्धा तास पाण्यात चालायचंय.

मागच्या रविवारी मी आणि काका पुन्हा त्या खोलीत गेलो, मोजपट्टी, स्प्रिंगचा काटा आणि घरचं प्लॅस्टिकचं स्टूल घेऊन. मी आकडे लिहून घेत होतो. काका स्टूलवर बसून हात पुढे करून बघत होते आणि हसत होते, "कामून एवढं मोजायलास? हात पुरला की झालं." मी म्हटलं, "काका, तेच मोजायलोय."

मालकांनी एक गोष्ट मान्य केली आहे. आसनासमोर, हात पोचेल तिथे, लांब दांड्याचा नळ आणि हँडशॉवर बसेल, आणि शेजारी ओटा बांधतील. दांडे पक्के करायला भिंत फोडावी लागेल, ते "बघू" म्हणालेत. लॉकरबद्दल काहीच बोलले नाहीत. किल्ली टेबलातून काढून दाराला लावलीय, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं.

तुमच्या गावात जिम असेल, तलाव असेल, कारखान्यातलं न्हाणीघर असेल, तर एकदा असंच स्टूल घेऊन जा. बसा. एक हात खिशात घाला. आणि दुसऱ्याने पाणी सुरू करून बघा.